भागूबाईचं परस्थान

भागूबाईला सगळं यायचं, फक्त गप्प बसता यायचं नाही. देवानं तिला हातही मोठा दिला होता आणि जीभही, आणि दोन्ही एकदमच चालायचे. मखमलाबादच्या बाजूला, पाटाच्या कडेनं जी मळ्यांची वस्ती होती, तिथं भागूबाई काय म्हणाली हे कुणाला विचारत बसावं लागत नसे. ते सगळ्यांनी आपापल्या ओट्यावरूनच ऐकलेलं असे.

तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, भिमाजीनं, या मळ्यात शेवंती-झेंडू पिकवत जन्म काढला. पण शहर सरकत सरकत बांधापाशी आलं. शेजारच्या मळ्यांत प्लॉटांचे दगड रोवले गेले, विहिरी आटल्या, आणि मुलगा ज्ञानेश सातपूरच्या कारखान्यात लागला, त्याला फुलांत काही गम्य नव्हतं. शेवटी मळा आणि मळ्यातलं घर प्लॉटवाल्याला गेलं, आणि ज्ञानेशनं पाथर्डी फाट्याकडं एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फ्लॅट गणपतीच्या सुमारास तयार होणार होता आणि जुनं घर दिवाळीनंतर सोडायचं होतं. म्हणजे घाई कुणालाच नव्हती. घाई होती ती भागूबाईला.

तिनं ठरवलं, जायचं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, पंचांग उघडायचं काम नाही. शिवाय आखाजीला वस्तीतल्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात, प्रत्येक ओटा बायकांनी भरलेला असतो. हे दुसरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, पण न सांगताही कळण्यातलं ते होतं.

"आई, तिथं अजून प्लास्टर चाललंय," ज्ञानेश म्हणाला. "नळ नाहीत, लिफ्ट नाही."

"होईल की. माणसं राह्यला आली म्हंजी कामं आपोआप हलत्यात. एकदा आखाडात सापडलो का चार महिने घरात पाऊल टाकता यायचं नाय."

भिमाजी ओट्यावर बिडी ओढत बसला होता. तो फार कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते नेमकं भागूबाईला नको असायचं. "मग असं कर," तो म्हणाला. "आखाजीला परस्थान ठेव. जायचं तवा जाऊ."

परस्थान ठेवायची रीत वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती. गावाला निघायचा मुहूर्त चांगला असावा आणि माणसाला त्या दिवशी हलता येऊ नये, असं झालं की चिमूटभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड फडक्यात बांधायचं आणि ते गाठोडं दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघालं. मग पुढं सवडीनं कधीही जा, मुहूर्त साधलेला असतो.

"परस्थान ठेवायला मी काय बैलगाडीनं काशीला चालले?" भागूबाई म्हणाली. "टेम्पो आणून, भरून, हळदीकुंकू लावून जाणार. चोरावाणी सुपारी ठिवून नाय."

झालं. घोडं एकदा उधळलं की लगाम हातात राहत नाही. पुढचे दिवस तिनं निरोप घेण्यातच घालवले. शेजारच्या साळूबाईकडं पुरणपोळी खाल्ली, बयाबाईकडं मांडे खाल्ले, आणि प्रत्येक घरी जेवताना चौथ्या मजल्यावरून गंगापूरचं धरण दिसतं असं सांगितलं. दिसत नव्हतं. तिनं तो मजला अजून पाहिलाच नव्हता. सामानही तिनं सढळ हातानं वाटलं. पाटा-वरवंटा साळूबाईला, रांजण बयाबाईला, जातं कुणाला, कोंबड्या कुणाला. "आमच्याकडं आता मिक्सर, आमच्याकडं फ्रिज," असं ती प्रत्येक वस्तूमागं म्हणे. सून दीपमाला बिचारी मान खाली घालून सासूच्या मागं वस्तू पोचवत फिरली.

पण एक सांगायला हवं. आखाजीच्या सकाळी भागूबाई घरात शिरली, तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. या घराच्या भिंती तिनं स्वतः रचल्या होत्या. भिमाजी विटा लावायचा आणि ती पोटुशी असताना डोक्यावरून गारा वाहायची. मधल्या खोलीत खुंटीच्या खाली ओल्या गिलाव्यावर तिचा हात टेकला होता, त्याचा ठसा अजून तसाच होता, वरून कितीदा चुना फिरला तरी. तिनं त्या ठशावर आपला हात ठेवला. बोटं जाडी झाली होती, आता बसत नव्हती. मग ती चुलीपाशी गेली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, दुधाचं बोट फिरवलं आणि निखारे विझवले. देवळीतले देव टोपलीत घेतले. ज्या ओट्यावर बसून दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं घर झेंडूचे हार ओवायचं, तो ओटा तिनं शेणानं सारवला, आणि उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाली, "बाई, लय केलंस आमचं. आता येत नाय हां मी. रागावू नको."

ती इतकी रडली की बाहेर उभ्या बायकांनाही रडू आलं. तिथंच ती टेम्पोत बसली असती तर केवढं शोभलं असतं.

पण ओटी भरायची राहिली होती. बायकांनी रांग लावली, आणि सगळ्यांत शेवटी आली कुसाबाई. कुसाबाई तिची धाकटी जाऊ, भिमाजीच्या भावाची, गोटीरामची बायको. दोन्ही घरांत एकच भिंत. गोटीरामनं आपली खोली आणि मागचे दोन वाफे विकले नव्हते. तो फूलबाजारात हातगाडीवर करंड्या ओढायचा आणि कुसाबाई वाफ्यांत झेंडू लावायची. दोघी जावांचं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पस्तीस वर्षं जमलं नाही आणि तुटलंही नाही.

कुसाबाईनं नारळ, तांदूळ आणि वर हिरवा खण भागूबाईच्या पदरात घातला. भागूबाईनं खण उचलून उजेडात धरला. लाल काठ, मधे बारीक बुट्टी. ओळख पटायला वेळ लागला नाही.

"अगं कुसे," ती म्हणाली, आणि वस्तीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "हा तर मीच दिलेला खण. ज्ञानेशच्या लग्नातला. एवढी वर्षं पेटीत ठिवून मलाच माघारी करती व्हय?"

लेकीबाळी हसल्या. हसू ऐकलं की भागूबाईला थांबता येत नसे. तिनं तो खण कुसाबाईच्या खांद्यावर ठेवला. "ठेव तुझ्याकडंच. पुढं कुणाच्या तरी ओटीला होईल."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी अर्धाच. ओटीत घातलेलं कुणी माघारी देत नसतं. दीपमालानं तोंड फिरवलं. भिमाजीनं बिडी टाकून पायानं विझवली आणि टेम्पोच्या पुढच्या बाजूला जाऊन बसला. कुसाबाईनं खण घडी घालून कमरेला खोचला आणि बाजूला झाली. टेम्पोवाल्या यादवनं हॉर्न वाजवला आणि भागूबाई हात हलवत निघाली.

पुढं काय झालं ते लांबवण्यात अर्थ नाही. इमारतीला रंग नव्हता, जिन्याला कठडा नव्हता, आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला दार नव्हतं, नुसती चौकट होती. तरी भागूबाई धापा टाकत वर चढली, स्टोव्हवर दूध ठेवलं, ऊतू घालवलं आणि सिमेंटच्या पोत्यावर बसून म्हणाली, "झाली वास्तुशांत." मग खालचा वॉचमन वर आला. राहायची परवानगी नाही, म्हणाला, अजून लिंटलचं काम आहे, कुणाच्या डोक्यात वीट पडली तर नोकरी माझी जाईल. ज्ञानेशनं बिल्डरच्या माणसाला फोन लावला. तो फोनवरच हसला आणि म्हणाला, गणपतीनंतर या म्हणून सांगितलं होतं की.

सामान उतरवलंच नव्हतं, हे एक बरं. यादवनं विचारलं, "मग कुठं घेऊ?"

शेवटी भिमाजी म्हणाला, "घरी."

भागूबाई रस्ताभर गप्प बसली. लग्न झाल्यापासून दीपमालानं सासूला इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. पाटाच्या पुलाशी आल्यावर मात्र भागूबाईनं टेम्पो थांबवायला लावला. वस्तीत दिवे लागेपर्यंत, बायका चुलीकडं वळेपर्यंत ते सगळे बाभळीखाली टेम्पोतच बसून राहिले. डोक्यावर कपाट, खाली भागूबाई आणि तिच्या मांडीवर देवांची टोपली. येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलवाल्यांकडं ती पाठ करून बसली होती. सकाळी हीच बाई सगळ्या वस्तीला हात हलवत गेली होती, आता तिला सायकलवाल्याची भीती वाटत होती.

अंधार पडल्यावर ते मागच्या अंगानं घरात शिरले. ज्ञानेशला तिनं पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायला लावलं आणि मागच्या दारानं आत घेतलं. दिवा लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, असा हुकूम. भिमाजीला बिडीवाल्यांचा खोकला होता, त्याच्या तोंडाशी तिनं स्वतःचा पदर धरला.

"किती दिस असं लपायचं?" भिमाजी दबक्या आवाजात म्हणाला. "गणपतीपर्यंत?"

चूल विझलेली, पाण्याला रांजण नाही, वाटायला पाटा नाही. वैशाखाच्या उकाड्यात चौघं बादलीतलं कोमट पाणी पिऊन आणि सकाळच्या दशम्या खाऊन राहिली. पण लोकांपेक्षाही तिला त्या घराचीच लाज वाटत होती. मधल्या खोलीत ती गेलीच नाही. सकाळी ज्या उंबऱ्यावर डोकं ठेवून येत नाही म्हणाली, तो ओलांडताना तिनं डोळे मिटले होते. एखाद्याच्या गळ्यात पडून रडावं आणि तासाभरात चप्पल विसरली म्हणून परत यावं, तसं झालं होतं.

सकाळी बाहेर कुजबुज सुरू झाली. टेम्पोच्या चाकांची खूण अंगणात परत वळलेली दिसत होती, आणि तुळशीची माती ओली होती. भागूबाईला राहवलं नव्हतं, पहाटे तिनं तुळशीला पाणी घातलं होतं.

साळूबाईचा आवाज आला. "अगं बये, हे बघितलं का? चिमणी उडाली नि माघारी आली वाटतं."

"चौथा मजला नको झाला का काय," बयाबाई म्हणाली. "आता माझा रांजण माघारी मागायला येईल बघ." बायका हसल्या. भागूबाईला ते हसू ओळखीचं होतं. कालच तिनं ते दुसरीसाठी उठवलं होतं.

मग कुसाबाईचं दार वाजलं. भागूबाई उठली आणि दोन्ही घरांमधल्या भिंतीला कान लावून उभी राहिली. आता हिची पाळी, तिला वाटलं. आता ही सगळं वसूल करणार, आणि करावंच. मी तिच्या जागी असते तर वस्ती गोळा केली असती.

"काय गं साळे, काय झालं?" कुसाबाई म्हणाली.

"तुझी जाऊ माघारी आली ना?"

"माघारी यायला गेली कुठं होती ती?" कुसाबाईचा आवाज नेहमीसारखाच, कोरडा. "आखाजीचा मुहूर्त होता, परस्थान ठिवलंय तिनं. माझ्या घरी, देवळीत हाय. फ्लॅट तयार झाला का जातील."

"आणि टेम्पो भरून सामान?"

"मोठ्या माणसांचं परस्थान टेम्पोनंच हलतंय. आपण सुपारी ठिवतो, त्यांनी कपाट हलवलं."

बायका हसल्या, पण ते हसू कपाटाला होतं, भागूबाईला नव्हतं. साळूबाईला पटलं नव्हतं. "दाखव बरं," ती म्हणाली. मग पावलं कुसाबाईच्या घरात गेली, आणि बयाबाई म्हणाली, "हाय खरं. गाठोडं हाय." आणि सगळ्या आपापल्या वाटेला लागल्या.

भागूबाईनं कान भिंतीवरून काढला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिचे कान, गाल, मान सगळं तापलं होतं, आणि लपायला आता या घरातही जागा उरली नव्हती. लोकांपुढं पडलेलं तोंड चार दिवसांत वर येतं. ज्याला पाडलं त्यानंच हात देऊन उठवलं, की मान वर कशी करायची?

ती मागच्या दारानं निघाली आणि कुसाबाईच्या मागच्या दारातून आत गेली. कुसाबाई चुलीपुढं पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं नाही. भागूबाई देवळीपाशी गेली. देवांच्या बाजूला एक लहानसं गाठोडं होतं, मुठीएवढं. हिरव्या खणाचं. लाल काठ, मधे बारीक बुट्टी.

"कधी बांधलंस?" भागूबाईनं विचारलं.

"काल राती. भाऊंचा खोकला आला भिंतीतून."

"तू तो खण शिवला नव्हतास," भागूबाई म्हणाली. तिला क्षमा मागायची होती, पण जिभेवर आलं ते हे. जीभ आयुष्यभर पुढं धावली आणि आज नेमकी अडली.

"नव्हता शिवला. चांगला होता, म्हणून ठिवला होता." कुसाबाईनं पिठाचा गोळा परातीत थापला. "माझ्याकडं त्याच्याहून चांगला नव्हता. म्हणून तोच घातला तुमच्या ओटीत."

एवढंच. ती टोमणा मारत नव्हती, विचारलेलं सांगत होती. भागूबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. काल घरभर रडली होती, तसं नाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर दातांत धरून रडली.

कुसाबाईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "बाई, निरोप दिलेली चूल परत पेटवत नसत्यात. तुमच्या भाकरी इथंच टाका. सरपण मात्र तुमचं आणा."

गणपती आले, गेले, पितृपक्ष गेला, तरी बिल्डरची लिफ्ट लागेना. भागूबाई पाच महिने जावेच्या चुलीवर भाकरी थापत होती. पाटा आणि रांजण तिनं माघारी मागितले नाहीत. बयाबाईनं रांजण आपण होऊन आणून ठेवला, तेव्हा तिनं तो घेतला आणि धरणाचं नाव काढलं नाही. वस्तीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. भागूबाईची प्रकृती बरी नाही, असं लोक म्हणायचे. बरी होती. ती रोज ठरवायची, आज कुसाबाईला म्हणायचं, चुकलं माझं. आणि रोज भाकरी भाजून होईपर्यंत ते राहून जायचं. कधी म्हणायची, तुझं मीठ संपत आलंय. कधी म्हणायची, गोटीराम भाऊजींची चप्पल तुटलीय, बघ. त्यात जे म्हणायचं होतं ते कुठंच नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी निघायचं ठरलं. फ्लॅटला दार लागलं होतं, हे ज्ञानेश या वेळी स्वतः बघून आला होता. भागूबाईनं कुणाला सांगितलं नाही, कुणाकडं जेवली नाही. वस्ती झेंडूच्या तोडणीत होती, सगळ्या बायका वाफ्यांत होत्या, आणि तीच वेळ तिनं निवडली. घरातून ती एकदाच फिरली. ठशावर हात ठेवला नाही, नुसती समोर उभी राहिली. उंबऱ्यावर हळद वाहिली आणि काही बोलली नाही. जे बोलायचं होतं ते आखाजीला बोलून झालं होतं, आणि परत बोलायची तिला लाज वाटली.

मग ती कुसाबाईच्या घरात गेली. निघताना परस्थान उचलून बरोबर न्यायचं असतं, नाहीतर निघणं पुरं होत नाही. कुसाबाईला ते ठाऊक होतं. तिनं गाठोडं देवळीतून काढून हातावर धरलं होतं.

"घ्या बाई," ती म्हणाली.

भागूबाईनं हात पुढं केला आणि तसाच थांबवला. ओठ हलले. बाहेर यादवनं हॉर्न वाजवला. कुसाबाई वाट पाहत होती, आणि कशाची वाट पाहत होती ते दोघींनाही माहीत होतं.

"तांदळाला किडे लागले असतील," भागूबाई म्हणाली. "बदल."

"बदलीन की. पण घेऊन जा."

"नको. असू दे तुझ्याकडं."

"परस्थान इथं राहिलं तर गेलात असं कसं म्हणायचं?"

"नको म्हणूस," भागूबाई म्हणाली.

कुसाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं गाठोडं होतं तिथं, देवांच्या बाजूला परत ठेवलं, आणि कोपऱ्यातल्या करंडीतून ओंजळभर झेंडू उचलून भागूबाईच्या पदरात घातला. भागूबाईनं पदराला गाठ मारली आणि मागच्या दारानंच बाहेर पडली.